खुराक आणि मेहनत : आहार आणि व्यायाम एकत्र शिकवूया

इयत्ता : तिसरी ते पाचवी
विषय : परिसर अभ्यास, आरोग्य व शारीरिक शिक्षण
वेळ : तीन तासिका आणि एक पालक सभा



आपल्या बऱ्याच शाळांच्या भिंतींवर दोन चित्रं हमखास रंगवलेली असतात. एका चित्रात फळं, भाज्या, दूध, कडधान्यं आणि खाली लिहिलेलं असतं 'समतोल आहार'. दुसऱ्या चित्रात सूर्यनमस्काराच्या स्थिती आणि खाली 'रोज व्यायाम करा'. शिकवतानाही आपण तसंच करतो. आहाराचा भाग एका महिन्यात, व्यायामाचा दुसऱ्या महिन्यात. परीक्षेत आहारावर एक प्रश्न, व्यायामावर एक प्रश्न. मुलं दोन्ही उत्तरं पाठ करतात, गुणही मिळवतात. पण "या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

आजचा लेख त्या संबंधावर आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : मैदानाच्या कडेला बसून राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या ताटात काय आहे ते बघावं. आणि ताट सुधारलं की तेवढ्यावर न थांबता त्याला मैदानावरही न्यावं. आधी ताट, मग मैदान, आणि मग दोन्ही रोज.

तालमीतले दोन शब्द

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. गावची जत्रा आली की हगामा आलाच. २०२५ च्या सुरुवातीला तर महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झाली. म्हणून या पाठाची सुरुवात मी पैलवानापासून करते. मुलांना विचारते, "पैलवान तगडा कशामुळे होतो?" अर्धी मुलं म्हणतात, "दूध, बदाम, तूप खाऊन." अर्धी म्हणतात, "जोर-बैठका मारून."

मग पुढचा प्रश्न. "एक जण नुसतं दूध-तूप खातो, जोर मारतच नाही. त्याचं काय होईल?" मुलं हसतात. "ढेरी सुटंल!" "आणि दुसरा रोज पाचशे बैठका मारतो, पण पोटभर जेवायलाच मिळत नाही. त्याचं?" आता कुणी हसत नाही. "चक्कर येऊन पडंल, मॅडम."

इथेच अर्धा पाठ होतो. तालमीत 'खुराक' आणि 'मेहनत' हे दोन शब्द जोडीनेच येतात. वस्ताद नव्या पोराची मेहनत वाढवताना त्याचा खुराकही विचारतो. आपण शाळेत मेहनत सांगतो, खुराक विचारत नाही. किंवा खुराक सांगतो आणि मेहनतीला मैदानच देत नाही. फळ्यावर हे दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहून मध्ये एक बाण काढा, दोन्हीकडे टोक असलेला. बाणाचा अर्थ पुढे उलगडत जातो.

बाजरीच्या भाकरीचा प्रयोग

ही माहिती शिक्षकांनी आणि पालकांनी मुद्दाम वाचावी, कारण ती आपल्या घरातल्या भाकरीची आहे.

२०१२ मध्ये महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण आलं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथली इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि आपलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते पुढे आणलं. या वाणाच्या दाण्यात नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह जास्त असतं. लोह बाहेरून मिसळलेलं नाही, पिकातच वाढवलेलं आहे.

ही बाजरी खाऊन खरंच फरक पडतो का, हे बघायला महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची भाकरी, दिवसातून दोनदा, सहा महिने. जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांतच वाढलेला दिसला. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्या मुलांची कमतरता भरून निघण्याची शक्यता या गटात दुसऱ्या गटाच्या १.६४ पट होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढे आहे. १३० मुलांना हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावून त्यांच्या दिवसभराच्या हालचाली मोजल्या गेल्या. हे निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. जास्त लोहाची भाकरी खाणारी मुलं दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सुमारे २२ मिनिटं जास्त हलकी हालचाल करत होती. हलकी हालचाल म्हणजे उठणं, इकडेतिकडे करणं, सावकाश चालणं.

यात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला : ताटातली भाकरी बदलली की मुलाचं हिंडणं-फिरणं बदलतं. दुसरा : वाढ झाली ती हलक्या हालचालीत. धावणं, उड्या मारणं, दम लागेपर्यंत खेळणं हे भाकरी आपोआप करून देईल असं नाही. त्यासाठी खेळाचा तास आणि खेळायला घेणारा माणूस लागतो.

रक्त, लोह आणि दम : मुलांना कसं सांगावं

मुलांना मी असं सांगते. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे हमाल असतात. फुफ्फुसाच्या गोदामातून ते प्राणवायूची पोती उचलतात आणि पाय, हात, मेंदू जिथे काम चालू असेल तिथे नेऊन टाकतात. हमाल तयार व्हायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हमाल कमी. आपण बसलेलो असताना थोड्या हमालांवर भागतं. पण धावायला लागलो की पायांना जास्त पोती हवी असतात, आणि ती पोचवायला हमालच नसतात. मग दम लागतो, पाय भरून येतात, डोकं दुखतं, आणि मूल म्हणतं, "मला नाही खेळायचं."

५ ते ११ वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. (हे मोजमाप शंभर मिलिलिटर रक्तामागे असतं.) देशभरात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे साधारण चारातलं एक मूल. तीस मुलांच्या वर्गाचा हिशोब केला तर सात मुलं. आपल्या वर्गात नेमकी इतकीच असतील असं नाही, पण एकही नसेल असं धरून चालू नये.

एका मुलीची गोष्ट

मागच्या वर्षी माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगी होती. अभ्यासात बरी, अक्षर सुंदर. पण लंगडीचा डाव मांडला की तिचं पोट दुखायला लागायचं. कधी चपलेचा पट्टा तुटलेला असायचा. मुलींनी तिला 'म्हातारी' नाव ठेवलं होतं. पालक सभेला तिची आई आली तेव्हा मी विषय काढला. आई म्हणाली, "काय सांगू मॅडम, घरी बी नुसती लोळत पडती. आहेच आळशी."

मी विचारलं, "सकाळी काय खाऊन येते?" "चहा अन् बटर." दुपारी शाळेतला भात, तोही अर्धा टाकायची. संध्याकाळी घरी गेल्यावर परत चहा. रात्री भाकरी आणि पातळ कालवण. भाजी आवडत नाही म्हणून भाजी नाही. दिवसाचं हे ताट आईने बोटावर मोजून सांगितलं, आणि सांगता सांगता ती स्वतःच थांबली. "एवढंच खाती खरं," असं म्हणाली.

आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं तेव्हा मी तिला पुढे केलं. पुढे दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. घरात एवढंच बदललं : सकाळचा चहा बंद झाला, त्याजागी भाकरीचा काला किंवा शेंगदाणा-गूळ आला. रात्रीच्या कालवणात मटकी, हुलगा, चवळी यांपैकी काहीतरी आणि वरून लिंबू.

चमत्कार वगैरे झाला नाही. दिवाळीपर्यंत तर काहीच फरक जाणवला नव्हता. संक्रांतीच्या सुमारास एक दिवस ती लंगडीच्या डावात आपणहून आली. पळण्यात ती आजही पहिली येत नाही. पण डाव सुरू झाला की उठून उभी राहते. 'म्हातारी' हे नाव कधी बंद पडलं ते मुलींनाही आठवत नाही.

शाळेचं ताट आणि घरचं ताट

शाळेतला पोषण आहार हा आपल्याकडे हातात असलेला मोठा आधार आहे. ही केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २०२१ पासून तिचं नाव 'पीएम पोषण' आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

आता पालकांना हा हिशोब दाखवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं आणि १५ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे शाळेचं पूर्ण ताट संपवलं तरी प्रथिनांची साधारण निम्मी गरज भागते आणि कॅलरीची पाव भागापेक्षा थोडी जास्त. बाकीचं घरूनच यायला हवं. "शाळेत जेवतो ना, मग झालं," हे म्हणणं म्हणूनच खरं नाही. आणि मुलाने शाळेतलं अर्धं ताट टाकलं तर तूट आणखी वाढते.

मुलगी १० वर्षांची झाली की लोहाची गरज एकदम वाढते. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ मिलिग्रॅम लोह पुरतं, मुलीला २८ मिलिग्रॅम लागतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुली सगळ्यांच्या शेवटी जेवतात. पालक सभेत हा आकडा मी दोनदा सांगते.

महागडं काही नको, गावातलंच खा

"मॅडम, बदाम-सफरचंद कुठून आणायचं?" हा प्रश्न ठरलेला. त्याला माझं उत्तर, आणूच नका. आधी आपल्या ताटातल्या धान्यांची तुलना बघा. १०० ग्रॅम धान्यातलं लोह साधारण असं असतं :

- पॉलिशचा तांदूळ : ०.६ मिलिग्रॅम
- ज्वारी : ४ मिलिग्रॅम
- गव्हाचं पीठ : ४ मिलिग्रॅम
- नागली (नाचणी) : ४.६ मिलिग्रॅम
- बाजरी : ६.४ मिलिग्रॅम

म्हणजे तांदळाच्या दहापट लोह बाजरीत आहे. आपल्या पारनेर, पाथर्डी, संगमनेर भागात बाजरी घरची. कर्जत-जामखेडकडे शाळू ज्वारी घरची. अकोल्याच्या डोंगराळ भागात नागली आणि वरई घरची. हे सोडून मुलं सकाळी चहात बुडवून बटर-खारी खातात आणि मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट फोडतात. पाकिटात मीठ आणि तेल भरपूर, बाकी जवळपास काही नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून मूल नंतर जेवत नाही.

धान्यासोबत या गोष्टी वाढवा :

१. कडधान्यं. मटकी, हुलगा, चवळी, हरभरा, वाल. मोड आणून केलं तर लोह अंगी लागायला मदत होते. थंडीत हुलग्याची शेंगोळी करतोच आपण, ती मुलांना भरपूर वाढा.
२. शेंगदाणे. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिनं. जवळपास एका अंड्याइतकी.
३. रानातली आणि परसातली भाजी. तांदुळजा, माठ, शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत. शेवगा तर बांधावर असतोच.
४. अंडी, दूध, ताक. जे घरात चालतं आणि परवडतं ते.
५. लिंबू, पेरू, आवळा, बोरं. यांतल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरी-भाजीतलं लोह शरीरात नीट शोषलं जातं. म्हणून उसळीवर लिंबू पिळायचं, ते नुसतं चवीसाठी नव्हे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची ओळख मुलांना इथेच करून द्या. गावरान बियाणी जपण्याच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. वालाच्या, भाताच्या, भाज्यांच्या जुन्या जाती त्यांनी घरात जपल्या आणि इतरांना वाटल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईने गावच्या ताटाची किंमत देशाला पटवून दिली, हे मुलांना कळलं की भाकरीकडे बघायची त्यांची नजर बदलते.

चहाचं काय करायचं?

हा मुद्दा छोटा, पण घरोघरी लागू. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. म्हणजे बाजरीची भाकरी चहाबरोबर खाल्ली तर भाकरीतल्या लोहाचा बराचसा फायदा निघून जातो. लहान मुलांना चहा देऊच नये. मोठ्यांनी जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवावं. लोहाची गोळीही चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते. लहान मुलांना गुलाबी, मोठ्यांना निळी. "गोळीने शी काळी होते" म्हणून पालक घाबरतात. रंग बदलतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गोळी उपाशीपोटी देऊ नका, जेवणानंतर द्या. जंतनाशक गोळीचा दिवस चुकवू नका. हुक जंत आतड्याला चिकटून रक्त पितो आणि तो अनवाणी पायांतून शरीरात शिरतो. म्हणून चप्पल आणि शौचालय हेसुद्धा रक्तवाढीचेच उपाय आहेत.

नुसतं खाऊन का भागत नाही?

आता बाणाचं दुसरं टोक. चांगलं खाल्लं, पण दिवसभर मोबाईल घेऊन बसलं तर काय?

हाडं आणि स्नायू यांना काम मिळालं तरच ते मजबूत होतात. उडी मारली, दोरीवर नाचलं, झाडावर चढलं की हाडावर भार येतो आणि शरीर त्या जागी आणखी बळकटी देतं. खेळून आलेल्या मुलाला कडकडून भूक लागते. जो पोरगा भाजी बघून नाक मुरडतो तोच दोन तास हुंदडून आला की समोर येईल ते खातो. रात्री झोपही शांत लागते. आणि खाल्लेली जादा साखर, तेल कामी लागतं, अंगावर चढत नाही. हा प्रश्न आता शहरातल्या मुलांपुरता राहिलेला नाही. गाडीवर शाळेत येणारी, घरी गेल्यावर मोबाईल धरणारी मुलं आपल्या गावांतही आहेत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी. आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागणारा आणि हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं. साठ मिनिटं एकदम करायची गरज नाही. वस्तीवरून झपझप चालत येणं दहा मिनिटं, परिपाठानंतर कवायत आणि सूर्यनमस्कार दहा, सुट्टीतली लगोरी पंधरा, संध्याकाळी खो-खो किंवा विटीदांडू पंचवीस. झाली साठ. साहित्यासाठी एक रुपया लागला नाही.

वर्गात घ्यायचे उपक्रम

उपक्रम १ : नाडी मोजूया. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून मुलांनी १५ सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायची. बसलेलं असताना मुलांची नाडी साधारण ७० ते ११० असते. मग दोन मिनिटं जागेवर धावायचं, परत मोजायची. पाच मिनिटं बसून पुन्हा मोजायची. तीन आकड्यांचा स्तंभालेख काढायचा. गणिताचा तासही साधतो. स्पर्धा लावू नका. एखाद्या मुलाला फारच दम लागला, चक्कर आली, ओठ किंवा डोळ्यांच्या आतली बाजू पांढुरकी दिसली तर ते टिपून ठेवा आणि आरोग्य पथकाला दाखवा. निदान आपण करायचं नाही, ते रक्त तपासूनच होतं.

उपक्रम २ : खाल्लं-खेळलं वही. एका पानावर दोन रकाने. डावीकडे 'आज काय खाल्लं', उजवीकडे 'आज काय खेळलो, किती वेळ'. सात दिवस लिहायचं. आठव्या दिवशी मुलांनी स्वतःच बघायचं की ज्या दिवशी सकाळी काही न खाता आलो, त्या दिवशी खेळ किती झाला. ही वही वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका. कुणाच्या घरात काय शिजतं हे सगळ्यांसमोर आलं तर मूल शरमतं आणि दुसऱ्या दिवसापासून खोटं लिहितं. वही फक्त शिक्षक आणि ते मूल यांच्यात राहू द्या.

उपक्रम ३ : आजीला विचारा. "तुमच्या लहानपणी थंडीत काय खायचे, उन्हाळ्यात काय? कोणते खेळ खेळायचे?" पाच ओळी लिहून आणायच्या. सूरपारंब्या, आट्यापाट्या, गोट्या, फुगडी अशी यादी तयार होते. त्यातला एक खेळ दर शनिवारी घ्या. आजीला शाळेत बोलावता आलं तर फारच छान.

शिक्षकांसाठी चार गोष्टी

- उठाबशा, मैदानाला फेऱ्या या शिक्षा म्हणून देऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. शिवाय ज्या गोष्टीची शिक्षा मिळाली ती गोष्ट मूल आनंदाने कधी करणार?
- परिपाठाला चक्कर येणाऱ्या मुलाला आधी विचारा, "काही खाल्लंस का?" वर्गातल्या कपाटात फुटाणे आणि शेंगदाण्यांचा एक डबा ठेवा.
- जेवणानंतर लगेच पळापळीचा खेळ घेऊ नका. खेळाचा तास जेवणाआधी किंवा शेवटी ठेवा.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा कुणाला नीट बघायला हवं याची यादी आधीच तयार ठेवा. रोज मुलाला बघणारे आपणच असतो.

पालकांसाठी तीन गोष्टी

- उपाशीपोटी मूल शाळेत पाठवू नका. रात्रीची भाकरी आणि दूध, ताक किंवा चटणी-तेल, काहीही चालेल. चहा-बटर नको.
- मुलीचं ताट मुलाच्या ताटाशेजारी, त्याच वेळी, तेवढंच वाढा.
- संध्याकाळी एक तास मूल अंगणात दिसलं पाहिजे. अभ्यास त्यानंतरही होतो. आणि शक्य असेल तेव्हा तुम्हीही सोबत चाला.

स्वाध्याय (मुलांसाठी)

१. 'खुराक' आणि 'मेहनत' यांतली एकच गोष्ट केली तर काय होईल? दोन-दोन वाक्यांत लिहा.
२. तुमच्या घरी पिकणारी किंवा परसात मिळणारी, लोह देणारी पाच अन्नं लिहा.
३. उसळीवर लिंबू का पिळावं? भाकरीसोबत चहा का घेऊ नये?
४. तुमची रोजची ६० मिनिटं कशी भरतात त्याचं कोष्टक तयार करा.
५. तुमचा एक मित्र खेळायला येत नाही. त्याला 'आळशी' म्हणण्याऐवजी तुम्ही त्याला कोणते दोन प्रश्न विचाराल?

पाचव्या प्रश्नाला गुण ठेवू नका. पण उत्तरं जरूर वाचा. माझ्या वर्गात एका मुलाने पहिला प्रश्न लिहिला होता, "तू जेवलास का?" आणि दुसरा, "मी तुझ्याबरोबर हळू पळू का?"